पिशाचांवर मंत्राची मात्रा

मंत्रानें भूत उतरतें असें मानणारे लोक जगांत सर्वत्र होते व आजहि आहेत. परंतु मंत्र भुतावर चालतो तो कोणत्या नियमानें, किती वेळां चालतो आणि कोठें थांबतो, हा प्रश्न विचारणारे थोडे. ह्या प्रश्नाचें अत्यंत स्पष्ट उत्तर एका खेळाच्या पुस्तकांत लिहिलेलें आढळतें, हें वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. विंझर, मार्गासनी, वेल्हे ह्या बाजूच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तो खेळ पाहिला नसेल; भुतांच्या गोष्टी मात्र राजगड-तोरण्याच्या पायथ्याशीं राहणारास नव्यानें सांगावयास नकोत. म्हणून प्रथम त्या खेळाचे नियम, नंतर आपल्या इकडील समजुतींचे नियम, आणि शेवटीं दोहोंची तुलना, अशा क्रमानें हा विषय मांडण्याचें योजिलें आहे.

खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे भुयारें आणि अग्निसर्प. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. बुद्धिबळाप्रमाणें ह्याला ठराविक पट लागत नाहीं. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होऊन गोष्ट सांगूं लागतो व बाकीचे एकेक सोंग घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादुगार, कोणी पुरोहित. “तुम्ही एका पडक्या वाड्याच्या दाराशीं आलां आहां,” असें सूत्रधारानें म्हटलें कीं पुढें काय करावयाचें तें प्रत्येक जण आपल्या सोंगास अनुसरून सांगतो, आणि तें साधलें कीं फसलें हें फांसे टाकून ठरवितात. सोंगट्यांचा फांसा व दशावतारांतील सोंग ह्यांचा हा मिलाफच म्हणावा. कोणत्या कामास किती दान पडलें पाहिजे हें मात्र छापील पुस्तकांत अगोदर नमूद असतें, आणि तें सर्वांस वाचावयास मोकळें असतें.

ह्या खेळांत मेलेलीं परंतु निवालीं नाहींत अशीं भुतें पुष्कळ आहेत. त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. हाडांचे सांगाडे, चालतीं प्रेतें, मढीं खाणारे पिशाच हा सदेह वर्ग. तर केवळ छायेसारखीं, भिंतींतून आरपार जाणारीं भुतें हा विदेह वर्ग. जादूचा परिणाम दोन्ही वर्गांवर सारखा होत नाहीं, आणि येथूनच नियमांना गोडी येते.

पहिला नियम पुरोहिताचा. आर्नेसन यांच्या मंडळींत एक खेळाडू रक्तपिशाचाचें सोंग घेऊन इतका बळावला कीं, त्यास आवर घालण्याकरितां पुरोहिताचें पात्र निर्माण करावें लागलें. पुरोहितानें आपलें पवित्र चिन्ह उगारलें म्हणजे भूत माघारीं फिरतें, ही कल्पना रक्तपिशाचांच्या पाश्चात्त्य कथांतून व चित्रपटांतून आली. परंतु खेळ म्हटला कीं “फिरतें” एवढ्यावर भागत नाहीं. केव्हां फिरतें व केव्हां फिरत नाहीं हें सांगावें लागतें. १९७४ च्या पुस्तकांतील व्यवस्था अशी आहे. नवशिक्या पुरोहितानें सहा बाजूंचे दोन फांसे टाकावे. बेरीज ७ किंवा अधिक आली तर सांगाडे पळतात. चालत्या प्रेतांस ९ लागतात. मढीं खाणाऱ्या पिशाचांस ११ लागतात. त्यांहून वरच्या भुतांवर ह्या पुरोहिताचा मुळींच इलाज नाहीं, मग त्यानें कितीहि वेळां फांसे टाकावे. पुढें पुरोहित एक पायरी चढला म्हणजे हेच आंकडे एकेका वर्गानें पुढें सरकतात: सांगाडे फांशावांचूनच पळतात, आणि प्रेतांस ७ पुरतात.

विद्यार्थ्यांनीं हें गणित पाटीवर करून पाहावें. दोन फांशांचीं एकंदर ३६ दानें होतात. त्यांपैकीं २१ दानांत बेरीज ७ किंवा अधिक येते. १० दानांत ९ किंवा अधिक. आणि अवघ्या ३ दानांत ११ किंवा अधिक. म्हणजे नवशिक्या पुरोहिताला सांगाड्यांवर बारांत सात वेळां यश, प्रेतांवर अठरांत पांच वेळां, आणि पिशाचांवर बारांत एकदां. मंत्राचें बळ असें अपूर्णांकांत मांडलेलें क्वचितच कोठें पाहावयास मिळेल.

दुसरा नियम विदेह भुतांचा. ह्या खेळाची तिसरी आवृत्ति २००० सालीं निघाली, तींत तो तपशिलानें दिला आहे. विदेह भुतास साध्या तलवारीचा घाव मुळींच लागत नाहीं. मंत्रित तलवारीचा घाव लागला तरी शंभरांत पन्नास वेळां तो व्यर्थ जातो. जादुगारानें सोडलेल्या अग्नीचीहि तीच गत. ह्या नियमास अपवाद थोडेच आहेत: शुद्ध शक्तीचा घडलेला जादूचा बाण, किंवा भुतास स्पर्श करतां यावा म्हणूनच मंत्रिलेलें शस्त्र. पवित्र पाण्याविषयींचा नियम तर मोठा मौजेचा आहे. त्याची कुपी सदेह प्रेतावर लांबून फेंकून फोडतां येते. परंतु ज्याला अंगच नाहीं त्याच्यावर कुपी फुटणार कशी? म्हणून ती उघडून, भुताच्या अगदीं शेजारीं उभें राहून, पाणी ओतावें लागतें. भुताचें भय अधिक, त्या मानानें जवळ जाण्याचें धैर्यहि अधिक पाहिजे!

जादूचा बाण भुतास कां लागावा, ह्याचेंहि कारण पुस्तकांत दिलें आहे. भुताचा वास ‘ईथर’ नांवाच्या सूक्ष्म लोकांत असतो, आणि शुद्ध शक्तीचा प्रभाव तेथवर पोंचतो. ईथर हा शब्द शास्त्राच्या विद्यार्थ्यांस परका नाहीं. प्रकाशलहरी ज्या सूक्ष्म द्रव्यांतून वाहतात असें एकेकाळीं मानीत, त्याचेंच हें नांव. १८८७ सालीं मायकेल्सन व मोर्ले यांनीं त्याचा माग काढण्याचा प्रयोग केला. माग लागला नाहीं, आणि पुढें शास्त्रानें ती कल्पना सोडून दिली. शास्त्रानें टाकलेल्या घरांत खेळानें भुतांस बिऱ्हाड करून दिलें, असें गमतीनें म्हणतां येईल.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. शस्त्रानें किंवा मंत्रानें एखादें भूत नाहींसें केलें, तरी तें बहुधा दोन ते आठ दिवसांत पुन्हां प्रकट होतें. त्यास कायमचें घालविण्याचा मार्ग एकच: त्याला शांति कां नाहीं तें कारण शोधून काढावें, आणि तें दूर करावें. ज्या खेळांत जादूची एवढी रेलचेल, त्याच खेळानें भुतावरील अखेरचा उपाय जादूच्या बाहेर ठेवला आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें व्हावयाचा आहे.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्रांतील भुतांची व्यवस्थित नोंद करण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं गांवोगांवच्या शाळामास्तरांस आहे. ए. एम. टी. जॅक्सन नांवाचे एक विद्वान् मुलकी अधिकारी होते. १९०९ सालीं नाशिक येथें त्यांचा वध झाला. त्यांनीं लोकसमजुतींविषयीं जमविलेली माहिती आर. ई. एंथोवन यांनीं संकलित करून प्रसिद्ध केली. कोंकणासंबंधींच्या त्यांच्या ग्रंथांत पानोपानीं तळटीपांत “शाळामास्तर” असा उल्लेख करून त्या त्या गांवचें नांव दिलेलें दिसतें. त्या मास्तरांनीं जें ऐकलें तें लिहून पाठविलें, म्हणून तें आज आपणांस वाचतां येतें.

ह्या समजुतींतहि वर्गवारी आहे, आणि ती बहुतेक मृत्यूच्या प्रकारावरून केलेली आहे. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीं मुलगा मेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणांत स्त्री दगावली तर ती हडळ किंवा अळवंतीण होते. संसाराची हौस अपुरी राहून सवाष्णपणीं गेली तर जखीण. पाण्यांत बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, आणि तो डोहाशीं माणसास ओढतो. धनाचा लोभ न सुटलेला समंध होऊन ठेवा राखीत बसतो. चकवा रात्रीं वाटसरूस त्याच त्या रानांत फिरवितो. ह्या सर्वांचा राजा वेताळ. पुण्याजवळची वेताळ टेकडी त्याच्याच नांवानें ओळखली जाते. उपायहि ठरलेले आहेत. उशाशीं लोखंड ठेवावें, कपाळीं अंगारा लावावा, उडीद मारावे, लिंबू उतरून टाकावें. आणि इतक्यानें भागलें नाहीं तर देवऋषी किंवा भगत बोलवावा. तो भुताला नांव विचारतो, काय पाहिजे तें विचारतो, व तें देण्याचें कबूल करून त्यास झाडावर किंवा वेशीबाहेर घालवितो.

येथवर पाहिलें तर दोन्हीं व्यवस्थांचें साम्य विलक्षण आहे. भुतांचे वर्ग दोन्हींकडे आहेत, प्रत्येकाचें ठिकाण व खोडी ठरलेली आहे, आणि अपुरी इच्छा पुरविल्यावांचून भूत जात नाहीं ही कल्पनाहि दोन्हींकडे आहे. अमेरिकेंतील खेळकरी आणि सह्याद्रींतील भगत ह्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं. तरी मनुष्याच्या मनाची घडण एक, म्हणून कल्पनाहि मिळत्याजुळत्या निघाल्या.

परंतु एका गोष्टींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. खेळांत मंत्र केव्हां फसला म्हणावयाचें तें फांसा टाकण्यापूर्वीं ठरलेलें असतें. ७ च्या ऐवजीं ६ आले कीं पुरोहित हरला. त्यास सबब सांगतां येत नाहीं. देवऋष्याच्या मंत्राला असा आंकडा नाहीं. रोग्यास उतार पडला तर मंत्राचा गुण. न पडला तर भूत जबर, किंवा घरांत विटाळ झाला, किंवा कोंबडें निर्दोष नव्हतें, किंवा माणसांचा विश्वास कमी पडला. म्हणजे फांसा पडून गेल्यावर नियम घडवावयाचा! अशा डावांत मंत्र कधींच हरत नाहीं. आणि जो कधीं हरूंच शकत नाहीं, तो जिंकला ह्या म्हणण्यालाहि कांहीं अर्थ उरत नाहीं.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती पालकांनीं ह्या खेळास मोठा विरोध केला. मुलें जादूटोण्यावर विश्वास ठेवूं लागतील, अशी त्यांस भीति वाटे. पालकांची काळजी खोटी नव्हती; तरी भयाचें खरें स्थान तें नव्हे, असें नम्रपणें म्हणावेसें वाटतें. मेजावरील भुताचा नियम मनुष्यानें केला आहे हें तेथील प्रत्येक मुलास ठाऊक असतें. पुस्तक मिटलें कीं भूत आंतच राहतें. नियम मनुष्यकृत आहे ह्याचाच जेथें विसर पडतो, तेथें माणसाचा जीव जातो.

विंचवाचें उदाहरण घ्या. विंचू उतरविण्याचे मंत्र खेडोपाडीं प्रसिद्ध आहेत, आणि ते “लागू पडल्याचे” साक्षीदारहि पुष्कळ भेटतात. कारण उघड आहे. बहुतेक दंशांत वेदना असह्य झाल्या तरी जिवास धोका नसतो, आणि वेळानें त्या आपोआप शमतात. श्रेय मंत्रास मिळतें. लाल विंचवाच्या दंशानें मात्र कांहीं वेळां हृदयावर व फुफ्फुसांवर परिणाम होऊन मृत्यु येतो. भोरहून वरंधा घाट उतरून गेलें कीं महाड लागतें. तेथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांवर वर्षानुवर्षें अभ्यास केला, व प्रॅझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून देणारे लेख १९८० नंतर ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केले. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा ३० च्या आसपास दगावत. ह्या उपचारानंतर तें प्रमाण शेंकडा तिनांवर किंवा त्याहूनहि खालीं आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. येथें लक्षांत घ्यावयाचें तें असें कीं, ज्यानें औषध दिलें त्यानेंच किती मेले हेंहि मोजून छापलें. जय आणि पराजय दोन्ही वहींत लिहिले, म्हणून तो उपाय विश्वासास पात्र झाला. मंत्राची अशी वही कोणी दाखवील काय?

भूत उतरविण्याच्या प्रकारांत तर ह्याहून अधिक अनर्थ होतात. ज्यास झपाटलेला म्हणतात तो पुष्कळदां फेंफऱ्याचा, तापाचा किंवा मानसिक व्याधीचा रोगी असतो. त्यास बांधून मारणें, मिरच्यांची धुरी देणें, हे उपाय भुतास लागत असतील कीं नाहीं कोण जाणे. रोग्याच्या अंगास मात्र ते खासच लागतात. खेळांतील विदेह भुतावर तलवार व्यर्थ जाते. इकडे भूत विदेह, आणि काठी बसते ती सदेह माणसावर!

ह्या प्रकारांविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. त्यांनीं १९८९ सालीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापिली, आणि कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत गोळ्या घालून त्यांचा खून करण्यांत आला. त्याच महिन्यांत सरकारनें वटहुकूम काढला, व डिसेंबर २०१३ मध्यें विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचींत १२ प्रकार दिले आहेत. भूत उतरविण्याच्या मिषानें दोरानें किंवा साखळीनें बांधणें, काठीनें वा चाबकानें मारणें, धुरी देणें, छतास टांगणें हे त्यांतील पहिल्याच कलमांत येतात. आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावला असतां वैद्यकीय उपचारांस अडथळा करून मंत्र व गंडेदोरे करणें हाहि त्यांत अपराध आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षेंपर्यंत कैद, व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. हा कायदा कोणाच्या देवपूजेच्या आड येत नाहीं. माणसास इजा झाली किंवा उपचार अडविला, कीं तो जागा होतो.

आतां खेळांतील तिसरा नियम पुन्हां आठवावा. मंत्रानें भूत तात्पुरतें हटतें. तें निर्माण करणारें कारण दूर केल्यावांचून कायमचें जात नाहीं. आपल्या भुतांची यादी ह्या दृष्टीनें वाचली तर डोळे उघडतात. मुंजा म्हणजे लहान वयांत गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणांत गेलेली माता. गिऱ्हा म्हणजे डोहांत बुडालेला गडी. ही यादी म्हणजे आपल्या पूर्वजांस जे मृत्यु टाळतां आले नाहींत, आणि विसरतांहि आले नाहींत, त्यांचें दप्तरच होय. भीतीच्या खालीं दुःख पुरलेलें आहे. भुताला हंसण्यापूर्वीं त्या दुःखाला मान दिला पाहिजे.

आणि तें कारण दूर होऊं शकतें, ह्याचा पुरावा आंकड्यांत आहे. महाराष्ट्रांत २००१ ते २००३ ह्या काळांत दर एक लाख जिवंत जन्मांमागें १४९ माता दगावत. २०१८ ते २०२० ह्या काळांत तो आंकडा ३३ वर आला. दवाखान्यांतील बाळंतपण, वेळेवर मिळालेलें रक्त, शिकलेली परिचारिका, आणि १०८ क्रमांकावर बोलावितां येणारी रुग्णवाहिका, ह्यांनीं हडळीवर जी मात्रा चालविली ती कोणत्याहि मंत्राला साधली नव्हती. तरी ३३ म्हणजे शून्य नव्हे. पावसाळ्यांत ओढ्यापलीकडील वाडीवरून गरोदर बाईस खालीं रस्त्याला आणणें किती कठीण असतें, हें आपल्या भागांत कोणास सांगावयास नको.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, भुताची गोष्ट कोणी सांगितली तर ती आवडीनें ऐका. खेळ मिळाला तर खेळा. परंतु कोणीहि, मग तो देवऋषी असो, जाहिरातदार असो, कीं मोठ्या पदवीचा मनुष्य असो, “माझा उपाय हमखास लागतो” असें म्हणाला, तर त्यास आदरानें एवढेंच विचारा: “हा उपाय फसला, असें आपण केव्हां म्हणाल?” ज्याला उत्तर देतां येईल त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, ज्याला येणार नाहीं त्याच्या हातीं रोगी देऊं नये. घरांत कोणास साप चावला, ताप मेंदूंत गेला, किंवा कोणी असंबद्ध बोलूं लागलें, तर वडील माणसें अंगारा लावीत असतील तेव्हां त्यांच्याशीं वाद घालीत बसूं नका. त्यांना अंगारा लावूं द्या, आणि तुम्ही १०८ फिरवा.